साडेसात हजारांचा रंगीत नकाशा

वडील गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही तिघा भावंडांनी शेत वाटून घ्यायचे ठरवले आणि त्या बोलण्यात सर्वांत आधी प्रश्न निघाला तो मोजणीला किती खर्च येईल हा. शेत बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, महाराष्ट्राच्या हद्दीपासून सहा-सात किलोमीटरवर आहे आणि पहाणीवर, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यावर, त्याचे क्षेत्र ३ एकर १२ गुंठे लागलेले आहे. धाकटा भाऊ पुण्यात, बहीण चंदगड तालुक्यात दिलेली, आणि मी बेळगावातल्या शहापुरात राहून रविवारी शेताकडे फेरी मारणारा, म्हणून चौकशीचे काम आपोआप माझ्याकडे आले. मी तीस वर्षे एका पतसंस्थेत हिशेब लिहिले आहेत, तेव्हा खर्चाचा अंदाज काढणे आपल्याला अवघड जाणार नाही अशी माझी समजूत होती. ती समजूत मला साडेसात हजार रुपयांना पडली.

चौकशी करायला लागलो तेव्हा चार ठिकाणी चार आकडे मिळाले. गावातल्या एका नातलगाने बऱ्याच वर्षांपूर्वी हद्दबस्त (शेताच्या हद्दीची सरकारी मोजणी) करून घेतली होती. तो म्हणाला, "काय खर्च नाही रे, चहापाण्याइतके पैसे भरले होते." शहरातल्या एका खासगी भूमापकाच्या कार्यालयात विचारले तर त्यांनी एकराला अडीच हजार, म्हणजे तीन एकरांचे साडेसात हजार, वरचे बारा गुंठे सूट, असे सांगितले. दुसऱ्या एकाने उपग्रहावर चालणाऱ्या रोव्हर यंत्राने मोजून, दगड रोवून, नकाशा हातात देण्याचे अठरा हजार सांगितले. बहिणीला फोन केला तर दाजींनी पलीकडचा हिशेब सांगितला: महाराष्ट्रात डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे मोजणीचे दोनच प्रकार ठेवले आहेत आणि ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला दोन हजार रुपये, द्रुतगतीला आठ हजार रुपये भरावे लागतात. दोन हेक्टर म्हणजे जवळजवळ पाच एकर, आमचे शेत त्यात सहज बसले असते. पण ते शेत दाजींच्या गावापासून मोटारसायकलने पाऊण तासावर असले तरी कर्नाटकात आहे, त्यामुळे तो दर ऐकून घेण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. सीमेवर राहणाऱ्याला ही सवय असते. सोयरीक एका राज्यात, सातबारा तिकडचा, पहाणी इकडची, आणि नियम मात्र प्रत्येकाचे वेगळे.

मी या चार आकड्यांपैकी साडेसात हजारांचा निवडला. कारण सांगायला लाज वाटते, पण त्या एकाच माणसाने दर एकरावर सांगितला होता आणि एकरावरचा दर मला समजत होता. कापड मीटरवर, तांदूळ किलोवर, तशी जमीन एकरावर. बाकीचे लोक काय मोजणार आहेत हे मी विचारलेच नाही, आणि या माणसालाही विचारले नाही.

ठरल्या दिवशी दोन मुले पिवळी तिपाई आणि टोटल स्टेशन नावाचे मोजणीचे यंत्र घेऊन आली. एकाने यंत्र बांधावर लावले, दुसऱ्याने आरसा लावलेली काठी हातात घेतली आणि मला म्हणाला, "काका, तुमची हद्द दाखवा." मी मोठ्या उत्साहाने पुढे झालो. लहानपणापासून ज्या बांधावरून चालत आलो तो बांध, नाल्याच्या काठची करवंदीची जाळी, दक्षिणेकडचा फणस, पुन्हा बांध, असा सगळा फेरा मी त्यांना दाखवला. तीन तासांत काम संपले. आठवड्याभरात मोठ्या कागदावर छापलेला रंगीत नकाशा आला. शेत हिरवे, नाला निळा, झाडे गोल ठिपक्यांनी दाखवलेली, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, आणि खाली ठळक अक्षरांत क्षेत्र ३ एकर ६ गुंठे.

नकाशाचा फोटो भावाला पाठवला आणि पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "दादा, सहा गुंठे गेले कुठे?" त्याने स्वतः पुण्यात बसून मोबाइलवरच्या उपग्रह चित्रावर बोट फिरवून शेत मोजले होते आणि त्याच्या हिशेबाने ते ३ एकर १५ गुंठे भरत होते. मोबाइलवरच्या मापाला मी तेव्हाही फारसे महत्त्व दिले नाही. एक एकराचा चौरस काढला तर त्याची बाजू साधारण २०९ फूट येते, आणि त्याची एक बाजू बोटाखाली नुसती दहा फूट सरकली तरी दोन गुंठ्यांच्या आसपास फरक पडतो. परंतु पैसे देऊन केलेल्या मोजणीत सहा गुंठे कमी यावेत ही गोष्ट साधी नव्हती. घरात बोलणे सुरू झाले आणि ते फिरून फिरून पूर्वेकडच्या शेजाऱ्यावर येऊ लागले. त्या घराशी आमचे तीन पिढ्यांचे जाणे-येणे आहे. वडिलांच्या तिरडीला त्या घरच्या माणसाने खांदा दिला होता. तरीही मी त्या रविवारी शेताकडे गेलो तेव्हा त्याच्या बांधाकडे वेगळ्या नजरेने पाहिले, हे खरे आहे.

मी भूमापकाकडे परत गेलो. त्याने शांतपणे सांगितले की तुम्ही जी हद्द दाखवली ती मोजून दिली आहे, कागदावरची हद्द शोधून द्या असे तुम्ही म्हणाला नव्हता. हे त्याने पैसे घेण्याआधी सांगायला हवे होते, असे माझे अजूनही मत आहे. पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच्याकडून आम्ही वहिवाटीचे चित्र विकत घेतले होते. घर बांधायचे असेल, बोअरवेलची जागा ठरवायची असेल, उतार पाहून पाइप टाकायचे असतील, तर ते चित्र उपयोगाचे आहे. हद्दीच्या वादात किंवा वाटणीच्या दस्तात त्याला सरकारी मोजणीची जागा घेता येत नाही.

पुढची वाट एका परवानाधारक भूमापकाने दाखवली. कर्नाटकात भूमापन खात्याने परवाना दिलेले असे खासगी भूमापक असतात. खात्याकडे अर्ज आला की काम त्यांच्याकडे किंवा सरकारी भूमापकाकडे सोपवले जाते, आणि त्यांनी केलेली मोजणी खात्याकडून तपासली जाऊन मंजूर होते. एकाच माणसाने बाहेर खासगी काम म्हणून काढलेला नकाशा आणि खात्याच्या अर्जावर काढलेला नकाशा यांत कागद सारखा दिसला तरी वजनाचा फरक असतो, तो इथे. माझ्या ओळखीच्या एका वकिलांच्या दारात हे गृहस्थ भेटले. मी त्यांना विचारले, "एकराला किती?" ते हसले आणि त्यांनीच मला उलटे विचारायला सुरुवात केली. कोपरे किती आहेत? बाजूदार, म्हणजे हद्दीला लागून असलेले शेतवाले, किती? टिपण, म्हणजे जुन्या मोजणीचा नकाशा, पाहिले आहे का? वाटणी करायची की नुसती हद्द काढायची? पीक उभे आहे का? माझ्याकडे यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. मग त्यांनी माझ्या हातातली पहाणी घेतली आणि क्षेत्राच्या रकान्यावर बोट ठेवले.

पहाणी कन्नडमध्ये असते. मला कन्नड बोलता येते, बाजारात आणि बसमध्ये अडत नाही, पण वाचायला घेतले की अक्षर अक्षर लावावे लागते, त्यामुळे वर्षानुवर्षे मी त्या कागदावर आमचे नाव आणि एकूण क्षेत्र एवढेच पाहत आलो होतो. त्या रकान्यात एकूण ३ एकर १२ गुंठ्यांच्या खाली खराब्याची नोंद होती. पोटखराब्याचे दोन प्रकार असतात: 'अ' म्हणजे खडक वगैरे, लागवडीला न येणारी जमीन, आणि 'ब' म्हणजे नाला, वाट अशी सार्वजनिक उपयोगासाठी राखलेली. आमच्यात ४ गुंठे 'ब' खराब होते, ते नाल्याचे. म्हणजे आमच्या लागवडीचे क्षेत्र मुळातच ३ एकर ८ गुंठे होते आणि खासगी भूमापकाच्या मुलांनी नाला सोडून अलीकडच्या काठाने मोजले होते. सहा गुंठ्यांपैकी चार गुंठे कुणी नेले नव्हते, ते आमच्याच कागदावर लिहिलेले होते. घरी येऊन पुतणीला ती ओळ वाचायला लावली, तर तिने शाळेतल्या कन्नडच्या जोरावर दोन सेकंदांत वाचली.

उरलेले दोन गुंठे शोधायचे तर हद्दबस्तीचा अर्ज करणे भाग होते. त्याआधी त्या गृहस्थांच्या सांगण्यावरून मी जुन्या कागदांच्या नकला काढल्या: मूळ टिपण, नंबराचे हिस्से पडल्यावरचे हिस्सा टिपण, क्षेत्र आणि आकाराची नोंद असलेला आकारबंद आणि गाव नकाशाचा उतारा. नकलांचे शुल्क फार नसते, पण हे काम आधी करून घेतल्याने पुढचा खर्च वाचतो हे मला नंतर कळले. आकारबंदावरचे क्षेत्र आणि पहाणीवरचे क्षेत्र जुळत नसेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि मोजणी त्यासाठी अडून राहते. आमचे जुळत होते.

टिपण हा कागद मला फार आवडला. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या जुन्या मोजणीची रीत मुंबई इलाख्याची आहे. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद अशा चौरसाचा एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर यातूनच येतो: ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि त्याची चाळीस पट ४३,५६०. गुंठा हे माप मी जन्मभर वापरले, पण ते एका साखळीच्या अंगावरून आले आहे हे मला साठी उलटल्यावर समजले. टिपणावर मधोमध एक पायारेघ, तिच्या दोन्ही बाजूंना काटकोनात काढलेल्या रेघा, आणि प्रत्येक रेघेवर साखळ्या व आणे लिहिलेले. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. तीन आणे वाचण्यात चुकले की बांध सहा फूट सरकला.

आकडे लागत होते, पण कडेचा मजकूर मोडीत होता. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक आमच्या गल्लीपासून जवळच राहतात. त्यांनी भिंग लावून तो कागद अर्धा तास पाहिला आणि ईशान्य कोपऱ्याजवळच्या तीन-चार शब्दांत दगड नाल्याच्या काठी असल्याची नोंद आहे असे सांगितले. पैसे घ्यायला तयार नव्हते. शेवटी आमच्या शेतातली पाच किलो मसूर त्यांच्याकडे पोहोचवली. हा खर्च मी वहीत लिहिला आहे, रकमेच्या जागी फक्त 'मसूर' असे.

अर्ज मोजिणी नावाच्या संगणक प्रणालीत भरला जातो. कन्नड कार्यालयात, कन्नड फॉर्मवर आपलाच 'मोजणी' हा शब्द थोडा वाकून बसलेला पाहून बरे वाटले. शुल्क किती, हे अर्ज भरताना क्षेत्र आणि बाजूदार यांची माहिती घातली की तिथेच दिसते. मी ती रक्कम इथे मुद्दाम लिहीत नाही. ग्रामीण आणि शहरी भागाचा दर वेगळा आहे, ठरावीक क्षेत्रापर्यंत एक रक्कम आणि पुढच्या प्रत्येक एकराला वाढीव रक्कम अशी त्याची रचना आहे, शिवाय प्रत्येक बाजूदाराच्या नोटिशीचे वेगळे पैसे लागतात. त्यात शासन दरही बदलत असते. पूर्वी हद्दबस्तीचे शुल्क नाममात्र होते, पुढे ते वाढले, आणि आमच्या नातलगाची 'चहापाण्याइतकी' पावती ही त्या जुन्या काळातली होती. दुसऱ्याच्या जुन्या पावतीवर आपला अंदाज बसवण्याची चूक मी केली, ती माझी पावती दाखवून मला आणखी कुणाकडून करवून घ्यायची नाही.

बाजूदारांची यादी देताना मात्र मी खरी महागडी चूक केली. चार दिशांना मिळून सात बाजूदार होते आणि ती सगळी नावे मला तोंडपाठ होती, म्हणून शेजारच्या सर्वे नंबरांच्या पहाण्या न काढता मी आठवणीने नावे लिहून दिली. त्यांतला उत्तरेकडचा एक जण वारून चार वर्षे झाली होती, पहाणीवर त्याच्या तीन मुलांची नावे चढली होती, आणि त्यांतला मोठा गोव्यात कामाला असतो. नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने निघाली. मोजणीच्या दिवशी धाकट्या मुलाने बांधावर उभे राहून, अगदी अदबीने, "मामा, आम्हाला नोटीसच नाही तर आम्ही सही कशी करायची?" असे विचारले. त्याचे म्हणणे बरोबर होते. बाजूदाराला न कळवता काढलेली हद्द उद्या तो मानणार नाही. ती तारीख गेली, नव्या नोटिसा निघाल्या, आणि झाडी तोडायला आणलेल्या दोन गड्यांची सहाशे-सहाशे रुपयांची हजेरी आम्ही काम न होता दिली.

दुसरी तारीख फेब्रुवारीअखेरची मिळाली. आमच्याकडे भाताच्या मागून मसूर किंवा वाटाणा होतो. तो निघाल्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत शेते मोकळी असतात, म्हणून सगळ्यांना मोजणी याच दिवसांत हवी असते. खासगी भूमापकांचे दर या महिन्यांत चढतात. पावसाळ्यात स्वस्तात करून देणारा कुणी भेटला तरी कमरेएवढ्या गवतात आणि चिखलात तो काय शोधणार, हा प्रश्न राहतोच.

खात्याकडून नेमलेला भूमापक सकाळी नऊला आला. त्याने आधी यंत्र बाहेर काढले नाही. टिपण हातात घेऊन तो पंधरा-वीस मिनिटे नुसता फिरला, शेजारच्या शेतांतही गेला, आणि तीन ठिकाणी पायाने माती उकरून पाहिली. त्याला जुना, न हललेला एक तरी दगड हवा होता. एक सापडला की त्यावरून दुसरा शोधता येतो. पूर्वेच्या बांधाबद्दल त्याने काहीच विचारले नाही, तो ईशान्य कोपऱ्याकडे, नाल्याकडे निघाला. तिथे करवंदीची जाळी एवढी दाट होती की गड्यांना कोयत्याने आत शिरायला पाऊण तास लागला. रोव्हर लावून पाहिले, पण शेजारच्या फणसाच्या आणि आंब्याच्या छायेत त्याला उपग्रह नीट मिळेनात. मग त्याने फीत काढली आणि पूर्वीच्या लोकांसारखे दोन ठिकाणांहून अंतर धरून जमिनीवर एक खूण केली. तिथे पहारीने खणायला सांगितले. हातभर खाली पहार खणकन वाजली. गड्याने हाताने माती बाजूला केली तेव्हा वरची कड झिजलेला, एका अंगाला नाल्याकडे कललेला काळा दगड दिसला. पूर्वेकडचे शेजारी, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, तेही वाकून पाहत होते. ते म्हणाले, "हा दगड माझ्या बापानं मला दाखवला हुता. मी विसरलोच की."

त्या दगडापासून दक्षिणेकडे टिपणाप्रमाणे नऊ साखळ्या धरल्या, म्हणजे २९७ फूट. रेघ आजच्या बांधाच्या पलीकडे, साधारण सात फूट आबांच्या वाफ्यात गेली. सात फूट रुंद आणि तीनशे फूट लांब पट्टा म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. सगळे गप्प झाले. मी काही बोलायच्या आत आबांनीच सांगितले की ही जुनी गाडीवाट. दोन्ही घरच्या बैलगाड्या तिथून जायच्या, गाड्या बंद झाल्या, ट्रॅक्टर वरच्या रस्त्याने येऊ लागले, आणि वाट हळूहळू नांगराखाली गेली. कुणी कुणाचे नेले असे नव्हते. दुपारी दक्षिणेची रेघ काढली तेव्हा तिथे आमचाच बांध पलीकडच्या शेतात अर्धा गुंठा सरकलेला निघाला, आणि त्या अर्ध्या गुंठ्याची हकिकत मला सांगता आली नाही.

दिवसअखेर नकाशावर क्षेत्र ३ एकर साडेसात गुंठे भरले. कागदावरच्या ३ एकर ८ गुंठ्यांशी अर्ध्या गुंठ्याचा फरक राहिला. शंभर वर्षांपूर्वीची साखळी आणि आजची फीत यांच्यात एवढा फरक पडायचाच, असे भूमापक म्हणाला. पंचनामा झाला, हजर असलेल्या बाजूदारांनी सह्या केल्या. गोव्याहून मोठा मुलगाही आला होता. त्याने एस.टी.चे भाडे मागितले नाही, पण जेवणाला सगळे आमच्याकडेच होते.

रात्री वही घेऊन बसलो. गड्यांची दोन दिवसांची हजेरी २,४०० रुपये, नऊ दगडांचे प्रत्येकी २५० प्रमाणे २,२५०, ते आणायला टेम्पो ८००, दोन्ही वेळचा चहा आणि जेवण ९००. बेरीज ६,३५०. सरकारात भरलेले शुल्क, नोटिसा आणि नकला धरूनही, याच्या निम्म्याहून कमी होते. एकरांचा प्रश्न यात फक्त शुल्काच्या ओळीत आला. बाकीचे पैसे कोपऱ्यांवर, झाडीवर, दगडांवर आणि बाजूदारांच्या नावांवर गेले होते. आमच्या दुप्पट क्षेत्राचे, पण चौकोनी, चार कोपऱ्यांचे आणि दोनच बाजूदारांचे शेत असते तर ते आमच्यापेक्षा स्वस्तात मोजून झाले असते. अठरा हजारवाल्याचा दरही मला आता समजला. तो टिपण लावून, दगड शोधून, नवे रोवून देणार होता, म्हणजे काम खरे मोठे होते. फक्त त्याच्या कागदावर दस्त झाला नसता आणि खात्याची मोजणी पुन्हा करावीच लागली असती.

वाटणी अजून झालेली नाही. सर्वे नंबरच्या एखाद्या भागाचा दस्त नोंदवायचा तर कर्नाटकात त्या भागाचा इलेव्हन ई नकाशा लागतो. त्याचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळे, आणि त्यात तिघांच्या तीन तुकड्यांच्या आकृत्या व क्षेत्रे स्वतंत्र दाखवली जातील. वाट कुणाच्या तुकड्यातून जाणार हे आम्ही आधीच कागदावर काढून ठेवले आहे, कारण मंजूर झालेला नकाशा बदलायचा म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून. या वेळी शेजारच्या सातही पहाण्या मी अर्जाच्या आधी काढल्या आणि पुतणीकडून वाचून घेतल्या. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यालाही आपली हद्दबस्त करून घ्यायची आहे. त्याला मी सांगितले आहे की आमचे दोन दगड तुझ्या कोपऱ्यावरच आहेत, तेवढे तरी तुला विकत घ्यावे लागणार नाहीत.

बहिणीने परवा फोनवर आपला हिस्सा विचारला. मी एकूण खर्च तिघांत भागून तिला आकडा सांगितला, तशी ती म्हणाली, "दादा, त्यात तो रंगीत नकाशा धरलायस काय?" धरला होता. भावाने आधीच सांगून ठेवले होते की ते साडेसात हजार दादाच्या खात्यावर. मी वहीत त्या ओळीवर रेघ मारली आणि तीच रक्कम पानाच्या उजव्या बाजूला, माझ्या नावाखाली, पुन्हा लिहिली. नकाशा पत्र्याच्या ट्रंकेत टिपणाच्या नकलेखाली आहे. फणसाचे झाड त्यात अगदी बरोबर जागी दाखवले आहे.